स्त्रीच्या अंगावरील चरबी आणि बीजकोशांचा कारभार



बाईने चाळिशी ओलांडली की पाच-सात वर्षांत एक तक्रार घरोघर ऐकू येते. खाणे पूर्वीइतकेच, किंबहुना थोडे कमीच. काम तर तसूभरही कमी झालेले नाही. तरी पोट सुटते, पोलके दाटते आणि हातपाय मात्र बारीक दिसू लागतात. घरची मंडळी यावर दोनच निदाने करतात. एक म्हणजे "सुखानं अंग धरलंय", आणि दुसरे "वाताचं शरीर हाय". दोन्ही बहुतेक वेळा चुकीची असतात. खरे कारण ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन अंगांना असलेल्या बदामाएवढ्या दोन गोळ्यांत सापडते. त्यांना बीजकोश किंवा अंडाशय म्हणतात.

हा विषय साखर कारखान्याच्या पत्रिकेत कशाला, असे काही सभासदांना वाटेल. आपला ऊस तोडायला येणाऱ्या बायकांपर्यंत तो कसा येऊन पोहोचतो ते पुढे येईलच. पण ते नीट कळायचे तर आधी चरबी म्हणजे काय आणि तिच्यावर हुकूम कुणाचा चालतो, हे समजून घ्यावे लागेल.

चरबी म्हणजे अंगाला चिकटलेला फालतू गोळा, अशी आपली समजूत असते. ती चूक आहे. चरबी ही जिवंत ऊती आहे. असंख्य बारीक पेशी मिळून ती बनते आणि प्रत्येक पेशीत तेलाचा एक थेंब भरलेला असतो. आपल्या कारखान्याचे साखरेचे गोडाऊन डोळ्यांपुढे आणा. हंगामात पोत्यांची थप्पी लागते, पुढे मागणीप्रमाणे माल बाहेर पडतो. अंगातही तसेच चालते. जेवण झाले की रक्तातला स्निग्ध पदार्थ पेशीत भरला जातो. उपास पडला, कष्ट झाले, ताप आला की पेशी उघडते आणि माल रक्तात सुटतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. जड कष्टाचे काम करणाऱ्या बाईला दिवसाला २,७०० च्या आसपास कॅलरी लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे कोष्टक सांगते. म्हणजे किलोभर चरबी हा जवळजवळ तीन दिवसांचा शिधा झाला. निसर्गाने हे गोडाऊन उगाच बांधलेले नाही.

आता हे गोडाऊन एकाच जागी नसते, आणि सगळी मेख इथेच आहे. चरबीचा एक साठा कातडीखाली असतो. मांड्या, कुल्ले, दंड, छाती ही त्याची ठिकाणे. दुसरा साठा पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवतीच्या पडद्यांत असतो. कातडीखालचा साठा चिमटीत धरता येतो, पोटातला येत नाही. पोटातल्या साठ्याचे रक्त सरळ यकृतात जाते. तो साठा वाढला आणि वेळीअवेळी पाझरू लागला म्हणजे यकृतावर स्निग्ध पदार्थांचा भार पडतो, इन्सुलिनचे काम अडते आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची वाट मोकळी होते. मांडीवरच्या चरबीचा असा उपद्रव जवळजवळ नसतो. उलट ती रक्तातला जादा माल ओढून सांभाळून ठेवते. फ्रान्समधील मार्सेय शहराचे डॉक्टर झाँ वाग यांनी १९४७ साली ही गोष्ट प्रथम नीट मांडली. लठ्ठपणाचे पुरुषी आणि बायकी असे दोन घाट आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुरुषी घाटात चरबी पोटावर साठते, बायकी घाटात कमरेखाली. पुढे १९५६ साली त्यांनी मधुमेहाचा संबंध पुरुषी घाटाशी लावून दाखवला. किती चरबी आहे यापेक्षा कुठे आहे, हे पाहायला वैद्यकशास्त्र तेव्हापासून शिकले. तरी ते सर्वांच्या गळी उतरायला आणखी बरीच वर्षे गेली.

मग हा घाट ठरवतो कोण? इथे बीजकोश येतात. बीजकोश दर महिन्याला एक स्त्रीबीज तयार करतात हे सर्वांना माहीत आहे. त्याशिवाय ते रक्तात दोन प्रकारची रसायने सोडतात. अशा रसायनांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. पहिले इस्ट्रोजेन आणि दुसरे प्रोजेस्टेरॉन. इस्ट्रोजेन हे खरे तर एका कुटुंबाचे नाव आहे, त्यात इस्ट्राडायॉल सर्वांत जोरकस. या कुटुंबातले पहिले रसायन, इस्ट्रोन, १९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉयझी आणि जर्मनीत अ‍ॅडॉल्फ ब्यूटेनांट यांनी एकमेकांशी संबंध नसताना शुद्ध रूपात वेगळे केले, आणि तेसुद्धा गरोदर बायकांच्या लघवीतून! ज्या गोष्टीला आपण हात लावणार नाही तिच्यातून निघालेल्या कामाचा १९३९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा होता.

लहानपणी मुलगा आणि मुलगी यांच्या अंगातल्या चरबीत फारसा फरक नसतो. मुलगी वयात येऊ लागली, बीजकोश जागे झाले की फरक पडू लागतो. तिचे अंग भरते ते नेमके छाती, कुल्ले आणि मांड्या इथे. तरुण निरोगी बाईच्या वजनात चरबीचा वाटा शेकडा २५ च्या आसपास असतो, तशाच पुरुषाच्या वजनात शेकडा १५ च्या आसपास. म्हणजे बाईच्या अंगात चरबी जास्त आणि तरीही त्या वयात तिला हृदयविकार पुरुषापेक्षा कमी. हे कोडे चरबीच्या जागेनेच बरेचसे सुटते.

इस्ट्रोजेन हे काम कसे करते ते थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. मेदपेशीच्या अंगावर ॲड्रेनॅलिन ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या कळा असतात. ॲड्रेनॅलिन म्हणजे धावपळीच्या वेळी अंगात सुटणारे रसायन. एक कळ दाबली गेली की पेशीतला माल बाहेर सुटतो. दुसरी दाबली गेली की दार बंद होते. इस्ट्रोजेन कातडीखालच्या मेदपेशींवर दार बंद करणाऱ्या कळा वाढवते. म्हणून बाई कितीही राबली, उपास केले, तरी मांडीवरची चरबी सर्वांत शेवटी हलते. गोडाऊन कीपरला सांगून ठेवल्यासारखे असते, की या थप्पीला इतक्यात हात लावायचा नाही, हा राखीव माल आहे.

राखीव कुणासाठी? तर बाळासाठी. आपल्याकडे गोठ्यात हे रोज दिसते. व्यालेली दुधाळ म्हैस पहिले दोन-तीन महिने कितीही खुराक घातला तरी उतरते. ती आपल्या अंगावरची चरबी दुधात घालत असते, आणि म्हणूनच जाणता शेतकरी गाभणपणात तिला अंग धरू देतो. बाईचे तसेच आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. स्वीडनमधील येटेबोरीच्या संशोधकांनी १९८५ च्या सुमारास बायकांच्या मांडीवरच्या आणि पोटावरच्या चरबीचे बारीक नमुने काढून तपासले. एरवी मांडीची चरबी हट्टाने बंद असते, पण बाळाला पाजण्याच्या काळात तिचे दार सैल होते, असे त्यांना आढळले. ज्या राखीव मालाला वर्षानुवर्षे हात लागला नव्हता, तो अशा वेळी बाहेर निघतो.

दुसरे काम मेंदूत चालते. भूक आणि अंगाची ऊब राखणारा मेंदूचा जो भाग आहे त्याच्यावर इस्ट्रोजेनचा अंमल असतो. मादी उंदरांचे बीजकोश काढले की त्या जास्त खाऊ लागतात, हालचाल कमी करतात आणि लठ्ठ होतात. बाहेरून इस्ट्रोजेन दिले की पुन्हा ताळ्यावर येतात. हा प्रयोग जगभरच्या प्रयोगशाळांत इतक्या वेळा झाला आहे की त्याबद्दल आता वाद उरलेला नाही. तिसरे काम पोटाच्या आतल्या साठ्याचे. इस्ट्रोजेन पुरेसे असेतो तिथे माल साठू दिला जात नाही.

प्रोजेस्टेरॉनचा कारभार मर्यादित आहे. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात ते वाढते. तेव्हा अंग किंचित गरम राहते, भूक थोडी वाढते आणि काही जणींना गोडाची इच्छा होते. गरोदरपणात ते फार वाढते आणि साठा करायला हातभार लावते.

पुरुष मंडळींनी हे वाचून हसू नये. पुरुषाच्या अंगातही थोडे इस्ट्रोजेन असते. त्याच्या स्वतःच्या पुरुषी हार्मोनपासूनच ते बनते. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये २० ते ५० वयाच्या निरोगी पुरुषांवर झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांचे हे इस्ट्रोजेन औषधाने बंद पाडले, तर पुरुषी हार्मोन पुरेसे देऊनही त्यांच्या अंगात चरबी वाढली. तेव्हा हा कारभार केवळ बायकांचा नव्हे.

आता दुसरी बाजू पाहू. बीजकोश चरबीला हुकूम देतात तसा चरबीकडूनही बीजकोशांकडे निरोप जातो. मरतुकडी म्हैस माजावर येत नाही, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही. माणसातही तेच घडते. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा असंख्य बायकांची पाळी बंद झाली आणि अन्न मिळू लागल्यावर परत सुरू झाली. अंगात शिधा नसताना गर्भ धरू नये, अशी ती तजवीज आहे. हा निरोप नेणारे रसायन सापडायला मात्र १९९४ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी चरबीतच तयार होणारे लेप्टिन नावाचे हार्मोन शोधून काढले. साठा भरलेला असला की लेप्टिन जास्त, रिकामा झाला की कमी. मेंदू ते वाचतो आणि बीजकोशांना चालू-बंदचा इशारा देतो.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे चरबी स्वतःच इस्ट्रोजेन तयार करते. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काही कच्चा माल रक्तात सोडतात. मेदपेशीत अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर असते, ते या कच्च्या मालाचे इस्ट्रोन करते. पाळी गेल्यानंतर बाईच्या अंगात जे थोडे इस्ट्रोजेन उरते ते मुख्यत्वे इथूनच येते. वाचून कुणी म्हणेल, मग जाड असलेले बरे. तसे नाही. पाळी गेल्यानंतर फार लठ्ठ असलेल्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा आणि स्तनाचा कर्करोग जास्त आढळतो, त्याचे एक कारण हेच अवेळी आणि अखंड पाझरणारे इस्ट्रोजेन. शिवाय लठ्ठपणाने पोटातल्या साठ्याला जो त्रास व्हायचा तो होतोच.

जनावरांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. १९३८ साली इंग्लंडमध्ये डाय-इथिल-स्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार झाले. १९४७ पासून अमेरिकेत कोंबड्याच्या मानेच्या कातडीखाली त्याची गोळी बसवू लागले. कोंबडा लवकर चरबी धरी, मांस मऊ निघे. पुढे तेच औषध बैलांना खाद्यातून दिले, तर त्यांच्यात मात्र चरबीपेक्षा मांसच वाढले. रसायन एकच, पण जात बदलली की परिणाम बदलला. कोंबड्यांसाठी ते १९५९ साली बंद झाले, गुरांसाठी १९७९ साली. दरम्यान तेच औषध गरोदर बायकांना गर्भ टिकावा म्हणून दिले गेले होते, आणि १९७१ साली असे दिसून आले की त्यांच्या काही मुलींना तरुणपणीच योनीचा दुर्मीळ कर्करोग झाला. हार्मोनच्या गोळीला कमी लेखू नये, ते यासाठी.

आता पाळी जाण्याकडे वळू. आपल्या देशात ती सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या सुमारास. त्याआधी चार-पाच वर्षे बीजकोशांचे काम अडखळू लागते. या काळात वजन वाढते ते बरेचसे वयामुळे. पण चरबीची जागा बदलते ती इस्ट्रोजेन घटल्यामुळे. वजनकाटा तोच आकडा दाखवत असला तरी आत बदल चाललेला असतो. मांडी-दंडाचे मांस आणि चरबी कमी होते, पोटातला साठा वाढतो. बायकी घाट जाऊन पुरुषी घाट येतो. पन्नाशीनंतर बायकांतही हृदयविकार वाढू लागतो त्यात या बदलाचा मोठा भाग आहे.

आपल्या लोकांना याचा जाच जरा जास्तच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो वैद्यकाच्या जगात प्रसिद्ध आहे. दोघांची उंचीच्या मानाने वजनाची पातळी अगदी सारखी, २२.३. पण २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या अंगात शेकडा २१.२. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, असा आपला पिंड आहे. म्हणून आपल्याकडे बाईचा कमरेचा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच झाला की सावध व्हावे, असे तज्ज्ञ सांगतात. पुरुषाला ही मर्यादा ९० सेंटिमीटर. टेप बेंबीच्या पातळीला, पातळाच्या निऱ्यांवरून नव्हे तर अंगाला लावून, श्वास सोडल्यावर धरावी.

हे सर्व झाले आपल्या वेळेला पाळी जाणाऱ्या बाईचे. तिच्या शरीराला जुळवून घ्यायला चार-पाच वर्षे मिळतात. पण बीजकोशच काढून टाकले तर? तर जे काम पाच वर्षांत व्हायचे ते एका रात्रीत होते. आणि हा प्रश्न आपल्या फडापर्यंत येतो.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या 'पिशवी' काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायकांची माहिती घेतली गेली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शेकडा १७ च्या घरात. देशभर १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे शेकडा ३ च्या थोडे वर आहे. यात तिशी-पस्तिशीतल्या बायका पुष्कळ होत्या. कारणे आपल्याला अनोळखी नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड कापला जायचा. कोप्यांवर पाणी नाही, आडोसा नाही. पांढरे जाण्याचा नाहीतर ओटीपोटात दुखण्याचा त्रास सुरू झाला की खाजगी दवाखान्याची वाट, आणि तिथे "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल" हे ऐकून घाबरलेली बाई शस्त्रक्रियेला तयार व्हायची.

इथे एक घोटाळा नीट सोडवून घ्यावा. आपण सरसकट 'पिशवी' म्हणतो, पण पिशवी म्हणजे गर्भाशय आणि बीजकोश ही वेगवेगळी इंद्रिये आहेत. इस्ट्रोजेन गर्भाशयात बनत नाही, बीजकोशांत बनते. नुसती पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले तर पाळी बंद होते, पण हार्मोन चालू राहतात. मात्र बीजकोशांना येणाऱ्या रक्ताचा काही भाग पिशवीच्या बाजूने येतो, त्यामुळे ठेवलेले बीजकोशही बऱ्याच जणींत काही वर्षे लवकर थकतात. आणि पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढले तर पस्तिशीच्या बाईच्या अंगात इस्ट्रोजेन एकदम ढासळते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, चिडचिड हे लगेच कळते. पोटातली चरबी वाढणे आणि हाडे ठिसूळ होणे हे लगेच कळत नाही. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या बाबतीत हाडांचा ठिसूळपणा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मेयो क्लिनिकच्या तज्ज्ञांनी ४६ वर्षांच्या आत दोन्ही बीजकोश काढलेल्या बायका आणि त्यांच्याच वयाच्या इतर बायका यांची पुढची अनेक वर्षे तुलना केली. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केले की पहिल्या गटात रक्तातील चरबीचे दोष, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे विकार, सांध्यांचे दुखणे, हाडांचा ठिसूळपणा हे सर्व लवकर आणि एकात एक गुंतून येते. ज्यांना इस्ट्रोजेनचे औषध दिले गेले त्यांच्यात काही विकारांचे प्रमाण कमी राहिले.

शस्त्रक्रिया कधीच करू नये असे कुणीही म्हणणार नाही. कर्करोग निघाला, औषधाने न थांबणारा रक्तस्राव करणाऱ्या मोठ्या गाठी असल्या, पिशवी पूर्ण बाहेर आली, तर ती करावीच लागते. पण पांढरे जाणे आणि ओटीपोटात दुखणे हे बहुधा जंतूंमुळे असते आणि औषधाने बरे होते. कॅन्सरची शंका असेल तर गर्भाशयाच्या मुखाची साधी तपासणी करून खात्री करता येते. उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ ग्रामीण बायकांवर या तपासण्यांचा मोठा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला तेव्हा एकदाच केलेल्या एका विषाणू-चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, असे जगाला कळले. आपल्याच मुलखातल्या बायकांनी जगाला दिलेला हा धडा आहे, आणि आपल्याच मुलखात "कॅन्सर होईल" या एका वाक्यावर पिशव्या निघाल्या, हे काही भूषणावह नाही. विनाकारण होणाऱ्या अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला आहे.

तेव्हा आपल्या घरातल्या बाईला असो की आपल्या फडात आलेल्या टोळीतल्या बाईला असो, कुणी पिशवी काढायला सांगितले तर दोन प्रश्न आधी विचारावेत. औषधाने भागेल का? आणि काढायचीच झाली तर बीजकोश ठेवणार की काढणार? दुसरे मत सरकारी रुग्णालयात जाऊन अवश्य घ्यावे. टोळीतल्या बाईला हा सल्ला द्यायला सभासदाइतका जवळचा माणूस त्या मुलखात दुसरा नसतो, आणि कोप्यांवर पाण्याची टाकी व आडोशाचे संडास उभे राहिले तर दुखण्याचे निम्मे मूळच निघून जाईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुकादम हे करणार नाही. ते कारखान्याने आणि ज्याच्या रानात तोड चालू आहे त्याने पाहायचे आहे.

ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे त्या भगिनींनी घाबरून जाऊ नये, पण दुर्लक्षही करू नये. वर्षातून एकदा कमरेचा घेर, रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी. जेवणात भाकरीबरोबर डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, जमल्यास अंडी यांचा भाग वाढवावा. मांस टिकले तर चरबीला आवर राहतो आणि हाडांनाही आधार मिळतो. ज्या घरबसल्या काम करतात त्यांनी रोज भरभर चालावे, थोडे वजन उचलण्याचा सराव ठेवावा. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश गेले असतील तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन औषधरूपाने घेण्याचा सल्ला डॉक्टर सहसा देतात. पिशवीही काढलेली असेल तर त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन लागत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत या दोन हार्मोनांच्या एकत्र गोळ्यांमुळे स्तनाचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्याचे दिसले, आणि तेव्हापासून हार्मोनचे नाव निघाले की लोक बिचकतात. पण त्या चाचणीतल्या बायका सरासरी ६३ वर्षांच्या होत्या. पस्तिशीत बीजकोश गमावलेल्या बाईचा हिशेब वेगळा. स्तनाचा कर्करोग किंवा पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेली असेल तर मात्र हे औषध बहुधा चालत नाही. म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत.

बीजकोश ठेवले की काढले, हे पुष्कळ जणींना ठाऊकच नसते. शस्त्रक्रियेनंतर मिळालेला डिस्चार्जचा कागद शोधून काढावा, त्यावर ते लिहिलेले असते. कागद हरवला असेल तर पोटाच्या सोनोग्राफीत बीजकोश आहेत की नाहीत हे बहुधा दिसते, आणि ही तपासणी उपजिल्हा रुग्णालयात करून घेता येते.